कूलिंग पेपर

आमच्या घरात उन्हाला ऊन म्हणत नाहीत, बिसिल म्हणतात. शब्द कन्नड, बिसिलु. आमच्या मराठीत तो केव्हा येऊन बसला ते कोणालाच ठाऊक नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते असं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगतात. त्यानंतर इतक्या पिढ्या इथे म्हैसुरातच गेल्या की आता आमच्या एकेका वाक्यात दोन भाषा असतात, आणि पहिली कुठे संपली ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. मी इथे लिहिते आहे ती मराठी मला कॉलेजात गेल्यावर आली. वर्गात सांगलीची एक मैत्रीण आहे, तिच्याकडून मासिकं मागून आणते आणि वाचते. काही चुकलं असेल तर समजून घ्यावं.

कन्नडमध्ये बिसिलु म्हणजे ऊन, एवढंच. आमच्याकडे मात्र तो शब्द पसरला होता. चुलीजवळ बसलं की बिसिल लागतं, ताप चढला की अंगातून बिसिल येतं, दुपारी पत्रा तापला की घरात बिसिल भरतं. आमचं बिसिल म्हणजे कुठलाही गरमपणा. हा फरक आम्हाला आधी कळला असता तर आईचं एक वर्ष वाचलं असतं, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

मी बारावीत असताना आईच्या चेहऱ्यावर लाल चट्टे उठायला लागले. मग बोटांचे सांधे सुजले, केस गळायला लागले. कितीतरी तपासण्या झाल्यावर मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा ल्युपस आहे, यात शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते. गोळ्या लिहून दिल्या आणि शेवटी कन्नडमध्ये आईला बजावलं, "बिसिलिगे होगबेडी. बिसिलु तागबारदु." बिसिलात जाऊ नका, बिसिल लागू देऊ नका.

आई मान हलवून म्हणाली, "बिसिल नाही लागू देत."

आणि खरंच, त्या दिवसापासून आम्ही तिला गरम म्हणून काही लागू दिलं नाही. चूल, म्हणजे आमचा गॅस, अप्पांनी आपल्या हातात घेतला. ते शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतात. सकाळची फेरी झाली की घरी येऊन भात टाकायचे. सारात मीठ दोनदा पडायचं. आई आतल्या खोलीतून विचारायची, "अहो, आज समुद्र कुठनं आणला?" आंघोळीला तिला कोमट पाणीसुद्धा नाही. एक पंखा तिच्यासाठी वेगळा. आणि थंडीच्या दिवसांत, सकाळी छान गार असायचं म्हणून, आम्हीच तिला खुर्ची देऊन अंगणात बसवायचो. कोवळं होतं, गार होतं, म्हणजे बिसिल नव्हतं. चट्टे कमी होत नव्हते. आम्ही पंखा आणखी मोठा करायचो.

आईची एकच इच्छा होती. पिरियापट्टणला तिची थोरली बहीण आहे, माझी मावशी. आई तिला अक्का म्हणते. त्या दोघींचं लहानपण तिथल्या तंबाखूच्या शेतांत मजुरीत गेलं. पानं खुडून आणायची, काठीला ओवून बांधायची, भट्टीत टांगायला द्यायची. आई सांगते की अक्काचे हात तिच्यापेक्षा दुप्पट वेगाने चालायचे, आणि आपली काठी पूर्ण झाली की अक्का गुपचूप तिची काठी ओढून घ्यायची. मावशीचे गुडघे आता गेले आहेत, तिला बसमध्ये चढता येत नाही. म्हणजे जायचं तर आईनेच. आजारापूर्वी ती वर्षातून दोनतीनदा जायची. आता दोन वर्षं झाली होती. फोनवर बोलणं व्हायचं, पण मावशीला कमी ऐकू येतं, आई ओरडून बोलायची आणि ठेवल्यावर म्हणायची, "तिनं माझं काही ऐकलं नाही, मी तिचं सगळं ऐकलं. नेहमीसारखंच."

अप्पा म्हणाले, पहाटे अंधारात निघू, उजाडायच्या आत पोचू, दिवसभर घरात बस, अंधार पडला की परत.

"माझ्या बहिणीकडे चोरासारखी जाऊ?" आई म्हणाली. "मला वाट बघत जायचंय. दिवसा."

वाट बघत, हा तिचा शब्द. वाटेकडे बघत, असं तिला म्हणायचं होतं. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की वाट बघणं म्हणजे कोणाची तरी प्रतीक्षा करणं. मला वाटलं, तेही बरोबरच आहे.

मग अप्पांना व्हॅनच्या काचांची कल्पना सुचली. आमच्या भागात त्याला सगळे कूलिंग पेपर म्हणतात. तो कागद नसतो, पातळ चिकट फिल्म असते, पण नाव तसं पडलंय. मधल्या काळात काचांवर असलं काही लावायलाच मनाई होती. आता बाजूच्या काचेतून निदान अर्धा उजेड आत आला पाहिजे, पुढच्या-मागच्या काचेतून त्याहून जास्त, अशी अट आहे म्हणतात. अप्पांनी ते कुठूनसं ऐकलं आणि एका रविवारी मला म्हणाले, "मगा, पोरी, तू चल. तिथे सगळं इंग्लिशमध्ये लिहिलेलं असतं."

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. इंग्रजी कागद आला की माझ्या हातात. मी दहावीपर्यंत कन्नड माध्यमात शिकले आणि इंग्रजी मला तेव्हा फार येत नव्हतं. पण अप्पांच्या चेहऱ्याकडे बघून 'मला कळत नाही' असं म्हणवायचं नाही.

दुकान कुवेंपुनगरच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर होतं. भिंतीला गुंडाळ्या उभ्या लावलेल्या: धुरकट, काळ्या, हिरवट, निळ्या. एका फळीवर दिव्यांच्या फिल्मचे तुकडे. पिवळा तुकडा पुढच्या दिव्यांना, धुरकट मागच्या लाल दिव्यांना. अप्पा आधी तिकडेच गेले. पिवळा तुकडा उजेडात धरून म्हणाले, "हुणसूर रोडला सकाळी धुकं असतं. हे लावलं तर गाडीला काजळ घातल्यासारखं दिसेल."

"काजळ काळं असतं, अप्पा."

"मग हळद."

दुकानदार हसला. तो अप्पांना म्हणाला, "सार, शाळेची गाडी आहे ना? दिव्यांना हात लावू नका. पोलिस आधी दिवेच बघतात." मग त्याने विचारलं की काचांना फिल्म कशासाठी पाहिजे. मी काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "बिसिलु बरबारदु." बिसिल आत येता कामा नये.

दुकानदाराने एक मोठा दिवा लावला, भट्टीसारखा तापणारा. त्याच्यापुढे अप्पांना हात धरायला सांगितलं. अप्पांनी झटकन मागे घेतला. मग मध्ये काळ्या फिल्मची काच धरली. अप्पांनी हात पुढे केला आणि तसाच ठेवला. "बघ," ते मला मराठीत म्हणाले, "बिसिल गेलं." मीही हात ठेवला. खरंच गार लागत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. गुंडाळीवरच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं होती, चारपाच ओळी, आकडे. मी वाचल्यासारखं केलं. वाचलं नाही. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मला लाज वाटत होती.

"हो अप्पा," मी म्हटलं, "हेच चांगलं."

संध्याकाळपर्यंत फिल्म लागली. आई आत बसून बघून आली आणि म्हणाली, "थेटरात बसल्यासारखं वाटतंय. फक्त पडदा दिसत नाही." पण ती खूश होती.

पिरियापट्टण लांब, म्हणून आधी वाटेतल्या येलवालपर्यंत जाऊन बघू असं ठरलं. जुनी व्हॅन, त्यात एसी नाही. आभाळ भरलेलं होतं, वारा गार होता. आईने डोक्यावरचा पदर काढला, सरकती काच अर्धी उघडली आणि हात खिडकीवर ठेवून बसली. मी मागे होते. मला तिचा कानामागचा भाग दिसत होता आणि उडणारे विरळ केस. तिने एकदाही मागे वळून बघितलं नाही. येलवालला आम्ही नारळपाणी प्यायलो. अप्पा दर पाच मिनिटांनी विचारत होते, "बिसिल लागतंय काय?" आणि ती म्हणत होती, "इल्ला हो, नाही लागत, गार आहे. मस्त आहे."

तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा भाजल्यासारखा झाला. खिडकीवर ठेवलेल्या हाताला कोपरापर्यंत चट्टे. मग ताप, मग बोटं मिटेनात. दवाखान्यात नऊ दिवस राहावं लागलं आणि गोळ्या वाढल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, "बिसिलात गेला होतात?" अप्पा शपथेवर म्हणाले, "नाही मॅडम. गारच होतं." बाईंना घाई होती, त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

घरी आल्यावर आईने पिरियापट्टणचं नाव काढलं नाही. मावशीचा फोन आला तर अप्पांना उचलायला सांगायची. हे मला तिच्या चट्ट्यांपेक्षा वाईट वाटायचं. तिकडे शाळेच्या मुलांच्या आयांनीही कुरकुर सुरू केली. मुलांना टाटा करायला फाटकापाशी उभं राहावं तर आतलं कोणी दिसत नाही. एक बाई अप्पांना म्हणाल्या, "ड्रायव्हर, तुम्ही माझा मुलगा नेता की दुसऱ्याचा, मला कसं कळायचं?" अप्पा घरी येऊन म्हणाले, "बरोबर बोलली ती." पण त्यांनी फिल्म काढली नाही. ती काढली म्हणजे सगळंच संपलं, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

त्याच सुमाराला आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी प्रकाशाचे प्रकार शिकवायला घेतले. सर इंग्रजीत शिकवतात आणि आमच्यासारख्यांसाठी अधूनमधून कन्नड शब्द देतात. अल्ट्राव्हायोलेट म्हणजे नेरळातीत, ते म्हणाले. मी वहीत लिहिलं, 'सावलीच्या पलीकडचे'. कारण कन्नडमध्ये नेरळु म्हणजे सावली. सर वह्या बघत बाकांमधून फिरत होते. माझ्यापाशी थांबले.

"हे काय?"

"मराठीत लिहिलंय सर. सावलीच्या पलीकडे जाणारे किरण."

"सावली कुठून आली?"

"नेरळु, सर."

वर्गात मागून हसू फुटलं. सर म्हणाले, "नेरळु नव्हे, नेरळे. जांभूळ. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, ते नेरळातीत." एका शब्दातला 'ने' आखूड आणि दुसऱ्यातला लांब असतो. मराठीत असा फरकच नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या कोणाच्या कानाला तो कधी ऐकू आला नाही. माझे कान तापले. मी खोडायला लागले तर सर म्हणाले, "राहू दे. चूक आहे, पण अगदीच चूक नाही. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला गरम लागत नाहीत. ढग असले तरी येतात. सावलीत बसलं तरी थोडे पोचतात. साध्या काचेतूनही त्यातले काही जातात."

मी खोडायचं थांबले. हाताला गरम लागत नाहीत. ते वाक्य सरांनी एकदाच उच्चारलं आणि ते पुढे गेले, पण मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मला अंगणातली खुर्ची दिसत होती, आणि येलवालच्या रस्त्यावर उघड्या खिडकीवर ठेवलेला हात.

तास संपल्यावर मी सरांच्या मागे जाऊन आईचं सगळं सांगितलं. असं कोणाच्या मागे जाणं मला जमत नाही, पण त्या दिवशी गेले. ते म्हणाले, मी डॉक्टर नाही, आधी डॉक्टरांना विचार. मी दवाखान्यात जाऊन दोन तास बाकावर बसून विचारलं. डॉक्टरबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे तुम्ही घरात बिसिलु म्हणजे उष्णता समजलात?" त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी कागदावर ऊन, ढग, खिडकी, सकाळ, चूल असं एकेक लिहून टाळायच्या गोष्टींपुढे फुल्या मारल्या. चुलीपुढे फुली नव्हती.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे एवढे दिवस मी ह्यांच्या हातचं सार उगाचच खाल्लं."

"उगाच नाही," अप्पा म्हणाले. "माझा हात बसला."

"मिठावर बसला."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि कितीतरी महिन्यांनी गॅस पेटवला. मी तिच्या मागे उभी होते. दुकानात मी न वाचता हो म्हटलं होतं, ते तिला सांगायचं होतं. तिने वळून न बघताच, "सल्प लांब उभी राहा, फोडणी उडेल," असं म्हटलं. मी मागे सरकले. अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही परत त्या दुकानात गेलो. या वेळी मीच बोलले. वाक्य घरी तीनदा कन्नडमध्ये म्हणून पाहिलं होतं. "काळी नको. नेरळातीत किरण अडवणारी पाहिजे. आणि आरपार दिसलं पाहिजे."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. "सार, हे आधी का नाही सांगितलं? तुम्ही बिसिलु म्हणालात, मी गारवा दिला. ती काळी म्हणजे नुसता रंग आहे." खालच्या फळीवरून त्याने एक गुंडाळी काढली. ती पाण्यासारखी होती, धरली आहे की नाही ते कळत नव्हतं. पट्टीवरची अक्षरं मी या वेळी बोट ठेवून एकेक वाचली. मागे गिऱ्हाईक होतं. त्याला थांबावं लागलं. मग दुकानदाराने नोटा तपासायची छोटी जांभळी बॅटरी आणली आणि आपल्या शर्टाच्या पांढऱ्या कापडावर मारली. कापड निळं चमकलं. मध्ये फिल्म धरली, चमक गेली. कापड जसंच्या तसं दिसत होतं, फक्त चमक नव्हती.

"हिला कोणी विचारत नाही, अम्मा," तो मला म्हणाला. "लावली तरी शेजाऱ्याला दिसत नाही ना."

काळी खरवडून काढायला अर्धा दिवस गेला. नवी लावून व्हॅन घरी आणली तेव्हा आई दारातून बघून म्हणाली, "हे काय? काही लावलंच नाही तुम्ही." अप्पा म्हणाले, लावलंय. ती म्हणाली, कुठाय? अप्पांनी काचेच्या कडेवरून नख फिरवून दाखवलं. तिला पटलं नाही. काळ्या फिल्मवर तिचा विश्वास बसला होता, कारण ती दिसत होती. ही दिसत नव्हती, आणि तिच्या भरवशावर तिने पुन्हा नऊ दिवसांची जोखीम घ्यायची होती. दोन आठवडे ती व्हॅनकडे फिरकली नाही. मी आग्रह केला नाही. एकदा मी न वाचता हो म्हटल्याने काय झालं ते माझ्या डोळ्यांपुढे होतं.

मग एका सकाळी तिने स्वतःच म्हटलं, "अक्काला सांगा, मी येते. दिवसा."

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं मलम तिने चेहऱ्याला आणि हातांना लावलं, लांब बाह्यांचं पोलकं घातलं, डोक्यावरून पदर घेतला. काचा सगळ्या बंद. फिल्म काचेवर असते, वाऱ्यावर नसते. काच उघडली की काही उपयोग नाही, हे आता आम्हाला कळत होतं. बंद व्हॅनमध्ये आम्ही तिघं घामाने निथळत होतो. येलवाल मागे गेलं तरी तिने पदराआडून हात बाहेर काढला नव्हता. हुणसूर गेल्यावर शेतं सुरू झाली. तेव्हा तिने पदर मागे केला, फक्त डोळ्यांपुरता, आणि कपाळ काचेला लावलं. रस्त्याच्या कडेला भट्ट्यांची उंच मातकट घरं लागली. "ही नवीन," ती म्हणत होती. "ही जुनीच. ही पडली वाटतं." मी विचारलं, तुम्ही दोघी कुठल्या भट्टीत होतात? ती म्हणाली, "ती आता राहिली नाही," आणि तरी बघत राहिली.

मावशीची गल्ली अरुंद आहे, व्हॅन तोंडाशीच थांबवावी लागली. दुपारचे बारा वाजून गेले होते, गल्लीत सावलीचा ठिपका नव्हता. घर पंचवीस-तीस पावलांवर. मी छत्री घेऊन उतरले आणि आईच्या बाजूचं दार सरकवणार, एवढ्यात मावशी काठी टेकत येताना दिसली. दारात उभी राहून वाट बघत असावी. काचेतून तिला आई दिसली आणि ती काठी उचलूनच चालायला लागली. मी म्हटलं, मावशी, थांबा, आम्ही येतो. तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. तिने पलीकडचं दार सरकवलं, अप्पांच्या खांद्याला धरून आत चढली, गुडघ्यांना शिव्या देत, आणि दार लावून घेतलं. अप्पा हळूच खाली उतरले.

आम्ही दोघं समोरच्या ओट्याच्या कडेला छत्रीखाली उभे राहिलो. आत किती तापलं असेल ते मला माहीत होतं. मी त्यांना उतरवायला निघाले तर अप्पा म्हणाले, "इरली, राहू दे. बसू दे."

काच आरपार होती. मावशीने आईचे हात उलटसुलट करून बघितले, बोटं एकेक करून. मग आपल्या मांडीवर ठेवून घेतले. दोघींच्या कपाळावरून घाम गळत होता आणि कोणी तो पुसत नव्हतं. मावशी बोलत होती, आई बोलत होती, बहुतेक दोघी एकदमच. आई हसताना मान मागे टाकते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. घरी ती अशी हसत नाही. काय बोलतात ते ऐकायची मला फार इच्छा झाली, पण बंद काचेतून आवाज बाहेर येत नव्हता.

सावली गल्लीत यायला अडीच वाजले. तोवर त्या उतरल्या नाहीत.